रेणुकानगरची मोटर

माझ्या नवऱ्याला माझं सगळं ठाऊक आहे, असं तो चारचौघांत सांगतो आणि मी हसते. हसते, कारण एक गोष्ट त्याला ठाऊक नाही. आईला नाही, बहिणीला नाही. देवापुढं डोळे मिटून उभी राहते तेव्हाही मी ती चलाखीनं वगळते – जसा काही देव आपण बोललेलंच तेवढं ऐकतो! आज तुम्हाला सांगतेय. तुम्हालाच का? खरं सांगू – तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून.

पण थेट सांगता येत नाहीये. आधी उपकारांचं सांगते, ते सोपं आहे.

मी करमाडची, सुरेखा. घरी कोरडवाहू जमीन, वडलांचा कापूस आणि आईच्या शेळ्या. कॉम्प्युटरचं शिक्षण पूर्ण झालं तेव्हा भावकीत कौतुक झालं, आणि वर्षभर नोकरी लागली नाही तेव्हा त्याच भावकीत कुजबुज झाली. अशात चिकलठाण्याच्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला गेले. समोर नीलिमाताई बसलेल्या. पंचेचाळिशीच्या, सुती साडी, चष्म्याला दोरी. घराणं मूळचं भिक्षुकीचं, आजोबा निजामाच्या कचेरीत कारकून. त्यामुळं मुलाहिजा, तजवीज असले शब्द ताईंच्या तोंडी सहज यायचे. त्यांनी काहीतरी विचारलं, मी इंग्रजीत सुरुवात केली आणि तिसऱ्या शब्दाला अडकले. कानापर्यंत लाल झाले. त्या म्हणाल्या, ‘‘मराठीत सांग गं. मोटरला कुठं इंग्रजी कळतं?’’

त्या एका वाक्यानं मला नोकरी लागली. पुढं राहायचं कुठं, हा प्रश्न आला तेव्हा ताईंनी आपल्या गच्चीवरची खोली दिली. नळाला आठ-आठ दिवस पाणी यायचं नाही. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी आम्ही दोघी मिळून पातेली, बादल्या, कुकरसुद्धा भरून ठेवायचो आणि भरता भरता त्या मला शिकवायच्या. माझ्या आईनं मला जन्म दिला, हे खरंच. पण आज मी जी कुणी आहे – पदरी दोन मुलं, बीड बायपासला फ्लॅट, कंपनीत स्वतःची खोली – ती ताईंनी घडवली. हे मी कुणालाही सांगते, कुठंही सांगते. आणि ते सांगताना त्यातलं काय गाळते, ते मात्र सांगत नाही.

आमचं काम आधी समजून घ्या, नाहीतर माझी चूक तुम्हाला किरकोळ वाटेल. किरकोळ वाटू नये, एवढी माझी इच्छा आहे.

आम्ही पंपांच्या पेट्या करायचो. भिंतीवर लावायची लोखंडी पेटी, आत मुठीएवढा कॉम्प्युटर. मोटर केव्हा चालू करायची, केव्हा बंद, हे त्यानं ठरवायचं. कुणाला ती बोअरसाठी हवी, कुणाला ठिबकसाठी, कुणाला अपार्टमेंटच्या टाकीसाठी. ताई येण्याआधी प्रत्येक गिऱ्हाइकाचा प्रोग्राम निराळा लिहायचे. म्हणजे जुना उचलायचा, थोडा वाकवायचा, द्यायचा. मग एकात चूक सापडली की ती आणखी कुठं कुठं गेली आहे, हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये.

ताईंनी हे बंद केलं. त्यांनी पडद्यावर एकच मोठं चित्र काढलं – नुसते चौकोन आणि बाण. मोटर किती वीज ओढतेय याचं माप पहिल्या चौकोनात यायचं, बाणावरून दुसऱ्यात जायचं, तिथं गाळलं जायचं, पुढच्यात त्यावर विचार व्हायचा, आणि शेवटच्या चौकोनातून मोटरला हुकूम सुटायचा. शेतात पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यातून जातं ना, तसं. मला तर बघताक्षणी कळलं. वर्गात चार वर्षं जे डोक्यावरून गेलं होतं ते करमाडच्या पोरीला त्या पाटावरून कळलं. आणि गंमत अशी की सगळ्या गिऱ्हाइकांच्या सगळ्या गरजा त्या एकाच चित्रात होत्या. नवं गिऱ्हाईक आलं की त्याला काय काय हवं तेवढ्यावर खुणा करायच्या, बटण दाबायचं, की त्याच्या पेटीचा प्रोग्राम यंत्र स्वतःच लिहून द्यायचं. चित्र एक, पेट्या शेकड्यांनी. हिच्या अंगावर एक दागिना जास्त, तिच्या अंगावर एक कमी, पण सगळ्या बहिणी एका आईच्या.

या पद्धतीचा नियम एकच. यंत्रानं लिहून दिलेल्या प्रोग्रामला हात लावायचा नाही. चूक दिसली तर चित्रात सुधारा आणि प्रोग्राम पुन्हा काढून घ्या. ताई येसराचं, म्हणजे आमटीच्या भाजक्या मसाल्याचं, उदाहरण द्यायच्या. येसर डब्यात नीट करून ठेवला की आमटी कुणीही करावी; पण आमटी सपक लागली म्हणून एकाच्याच वाटीत वरून तिखट घातलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सपकच होणार. ‘‘वाटीत घालू नका, डब्यात बघा,’’ हे आमच्या कचेरीचं जणू कुळाचाराचं वाक्य झालं होतं.

आणि आणखी एक रिवाज होता. चित्रात काही नवं घातलं की सगळ्या पेट्यांचे प्रोग्राम पुन्हा काढले जायचे, मग आमचा मेकॅनिक गावोगाव जाऊन ते पेट्यांत भरायचा. ते काढण्याआधी ताई उठून खोलीच्या मधोमध उभ्या राहायच्या आणि मोठ्यानं विचारायच्या, ‘‘कुणाचा हात लागलाय का?’’ म्हणजे, कुणी एखाद्या पेटीत परस्पर, वरच्या वर काही बदललं आहे का? बदललं असेल तर आत्ता सांगा; नवा प्रोग्राम भरला की तो बदल पुसला जाईल. मग एकेकानं मान वर करून उत्तर द्यायचं. जसा काही वर्गातला हजेरीपट. आम्ही हसायचो त्याला. कुणी ‘हजर बाई’ म्हणायचं, ताईसुद्धा हसायच्या. पण उत्तर घेतल्याशिवाय बटण दाबायच्या नाहीत.

ती वर्षं लागोपाठच्या दुष्काळाची. जायकवाडीत धरणाच्या पोटातली भेगाळलेली जमीन दिसायला लागली होती. आणि शहर मात्र वाढतच होतं. पैठणच्या बाजूची, जालन्याच्या बाजूची माणसं रानं सोडून शेंद्र्याच्या कारखान्यांत यायची, आणि त्यांच्यासाठी माळावर खुणेचे दगड रोवून नगरं उभी राहायची. नळ नाही, रस्ता नाही, पण कमानीवर नाव झोकात. रेणुकानगर असंच एक. सगळ्या वस्तीला मिळून एक बोअर, आणि त्या बोअरला आमची पेटी.

तिथून तक्रार आली, म्हणून मला पाठवलं. एकटीनं केलेली माझी पहिली फेरी. बोअरपाशी कौसाबाई भेटल्या. पैठणकडच्या, नवरा कारखान्यात, आणि वस्तीनं मोटरीची राखण त्यांच्यावर टाकलेली. मोटर तापते, वास येतो, पण पेटी काही ती बंद करत नाही, म्हणून त्या आळीपाळीनं बायकांना पेटीशेजारी बसवायच्या. आवाज बदलला की हातानं बटण बंद. ऐन उन्हात, डोक्यावर पदर घेऊन.

कारण मला तासाभरात सापडलं. बोअरला पाणी इतकं कमी झालं होतं की मोटर थोडं पाणी, थोडी हवा असं ओढत होती. हवा आली की मोटर वीज कमी ओढते; पण ताईंच्या चित्रातला गाळणीचा चौकोन मापांची सरासरी काढायचा. पाण्याची आणि हवेची सरासरी काढली तर ती पाण्यासारखीच दिसते! म्हणून पेटीला वाटायचं, सगळं ठीक आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं. दुष्काळानं ते वर आणलं.

लॅपटॉप माझ्याजवळ होता. मी काय करायला हवं होतं? कचेरीत परत जाऊन ताईंना दाखवायचं, चित्र सुधारायचं, एवढंच. पण समोर बायका उभ्या होत्या, हंडे उभे होते. आणि – हे कारण म्हणून सांगत नाही, घडलं ते सांगते – मला त्या बायकांसमोर रिकाम्या हातानं परत जायचं नव्हतं. मी यंत्रानं लिहिलेला प्रोग्राम उघडला आणि त्यात माझ्या हातानं दोन ओळी घातल्या. सरासरी बघू नकोस, मधेमधे माप खाली पडतंय का तेवढं बघ, पडलं की थांब. पेटीत भरलं. पहिल्याच खेपेला, मोटरीला हवा लागल्याबरोबर पेटीनं ती गप्प केली. बायकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. कौसाबाईंनी ज्वारीची भाकरी आणि ठेचा दिला, वर कानशिलावर बोटं मोडून माझी अलाबला काढली.

आणि मी निघताना म्हणाले, ‘‘आता पेटीजवळ कुणी बसायची गरज नाही.’’

हे वाक्य लक्षात ठेवा. दोन ओळींपेक्षा मला ते जास्त टोचतं.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, घाई झाली, परत जाऊन सांगायचं. तेच मीही रस्ताभर स्वतःला सांगत होते. पण बसमध्ये बसल्या बसल्या मी इतकी खूश होते! ताईंच्या चित्रातली चूक मला सापडली – मला, करमाडच्या सुरेखाला. आणि त्याच वेळी वाटत होतं की हे सांगायचं म्हणजे ‘वाटीत तिखट घातलं’ हेही सांगावं लागणार. आठवडाभरापूर्वीच एका सहकाऱ्याला असल्याच गोष्टीसाठी ताईंनी सगळ्यांदेखत झापलं होतं. मला ती झाडणी नको होती. त्यांच्या डोळ्यांत माझं जे चित्र होतं त्याला ओरखडा नको होता. कचेरीत ‘काम झालं’ एवढंच सांगितलं. उद्या सांगू. परवा सांगू. नीट संधी बघून सांगू. तुम्ही कधी असं एखाद्या गोष्टीला ‘उद्या’ म्हटलंय? किती पटकन तिचं वय होतं, नाही?

मग एक दिवस ताई खोलीच्या मधोमध उभ्या राहिल्या.

गावोगाव विजेच्या वेळा बदलल्या होत्या, म्हणून त्यांनी चित्रात वेळापत्रकाचा नवा चौकोन घातला होता. सगळ्या पेट्यांचे प्रोग्राम नव्यानं काढायचे होते. ताईंनी विचारलं. एकेकानं उत्तर दिलं. कुणीतरी ‘हजर बाई’ म्हणालं, हशा झाला. माझी पाळी आली.

थांबा जरा. पाणी पिऊन येते.

मी विसरले होते, असं नाही. कुणी दचकवलं, गोंधळले, असंही नाही. प्रश्न कळला होता, उत्तर माहीत होतं, ते दिलं नाही तर काय होईल हेही माहीत होतं – त्या खोलीत ताईंखालोखाल ते मलाच माहीत होतं. ताई माझ्याकडं बघत होत्या, हसतच. आणि मी म्हणाले, ‘‘नाही, ताई.’’

ताई म्हणाल्या, ‘‘शाब्बास.’’ आणि वळून त्यांनी बटण दाबलं.

मनात हिशेब काय होता? हाच, की मेकॅनिक रेणुकानगरला पोचायच्या आत मी कसंतरी तिथं जाईन आणि माझ्या दोन ओळी पुन्हा घालून येईन. पण मध्ये करमाडला चुलत बहिणीचं लग्न निघालं. मी लग्नाला गेले. हळद लावली, नाचले, पंगतीत जेवले. खोटं सांगणार नाही, त्या दोन दिवसांत मला रेणुकानगर आठवलंही नाही.

मेकॅनिकनं नवा प्रोग्राम भरला. पेटीजवळ कुणी बसत नव्हतं – मीच सांगितलं होतं ना. मोटर हवा ओढत राहिली, तापत राहिली आणि जळाली. कौसाबाईंचा फोन मलाच आला. माझाच नंबर त्यांच्याकडं होता. ‘‘मोटर जळाली वं ताई. लई वास सुटलाय. आता पानी कुटून आनावं?’’ त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

जळालेली मोटर वर काढायला माणसं लावली, पण पाइप तुटला आणि मोटर बोअरमध्येच अडकून बसली. म्हणजे मोटर तर गेलीच, बोअरही गेली. पुढचा सगळा उन्हाळा रेणुकानगर टँकरवर जगलं. टँकर कधी यायचा, कधी नाही. आला की त्याच्यामागं बाया-पोरं धावायची. काही कुटुंबं वस्ती सोडून परत गावाकडं गेली – जिथं पाणी नव्हतं म्हणून ती आली होती, तिथंच.

ताईंनी काय केलं, सांगते. त्यांनी आधी चित्र उघडलं आणि सरासरीचा दोष त्यांना त्याच दिवशी सापडला. डोक्याला हात लावून बसल्या. ‘‘माझीच चूक गं,’’ म्हणाल्या, ‘‘मला आधी कसं दिसलं नाही?’’ मी शेजारी उभी होते. तोंड उघडायला ती जागा केवढी मोकळी होती! मी काय केलं, माहितीये? मी उपाय सुचवला. माझ्याच दोन ओळी, पण आता चित्रात, चौकोनात घालून. ताई बघतच राहिल्या. ‘‘किती पटकन सुचलं तुला!’’ कंपनीचे मालक, आमचे साहेब, त्यांनीही मान डोलावली. माझ्याच चुकीवर मला शाबासकी मिळाली, आणि मी ती घेतली.

त्या उन्हाळ्यात दर रविवारी ताई रेणुकानगरला जायच्या. कंपनीनं पाठवलं नव्हतं, आपल्या आपण. टँकरच्या रांगेत उभ्या राहायच्या, म्हाताऱ्यांचे हंडे उचलायच्या, ज्याला त्याला सांगायच्या – चूक माझी होती. मी सोबत जायचे. न जाऊन कसं चाललं असतं? एका रविवारी कौसाबाई म्हणाल्या, ‘‘जाऊ द्या वं ताई, तुमी काय मुद्दाम केलं का? पन एक सांगू, ही पोरगी येऊन गेल्यावर मोटर लई ब्येस चालली व्हती. आपली आपन थांबायची. मंग मधीच काय झालं, काय की.’’

ताईंनी चमकून माझ्याकडं बघितलं. ‘‘आपली आपण थांबायची? असं कसं? तू काय केलं होतंस तिथं?’’

मी म्हणाले, ‘‘वायर सैल होती, ताई. घट्ट केली.’’

इतकं सहज आलं ते तोंडात! पहिलं खोटं घाबरून बोलले असेन. हे दुसरं मात्र चांगलं घडीव होतं. आणि ताईंनी ते मानलं. का मानलं? कारण मी सांगितलं होतं. बाकी दुसरं काही कारणच नाही.

पण ताई म्हणजे ताई. दुसऱ्या दिवशी त्यांनी कचेरीच्या अंगणात पाण्याचा ड्रम आणला, त्यात लहान मोटर सोडली, पेटी जोडली आणि वायर सैल करून बघितली, घट्ट करून बघितली. पाणी कमी करत नेलं, हवा लागू दिली. जुना प्रोग्राम काही केल्या मोटर थांबवेना. थांबवणार कसा? कितीतरी दिवस जेवणाच्या सुट्टीत त्या ड्रमपाशी बसलेल्या दिसायच्या. मी त्यांना चहा नेऊन द्यायचे. हो, चहा. माझ्या लॅपटॉपमधला तो प्रोग्राम मी तोवर पुसून टाकला होता.

साहेबांचा या चित्राच्या पद्धतीवरचा विश्वास उडाला. यंत्रानं लिहिलेल्या प्रोग्रामाचा काय भरवसा, पुन्हा आपापले हातानं लिहा, असं ते म्हणायला लागले. ताईंनी त्यांना समजावलं – पद्धत चुकीची नाही, मी चुकले. पद्धत ठेवा, मी जाते. आणि जाताना आपल्या जागेसाठी नाव सांगितलं, सुरेखाचं.

चित्र वाचलं, ताई गेल्या, मी त्यांच्या खुर्चीवर बसले. आजही त्याच चित्रातून शेकडो पेट्या निघतात. माझ्या घरातली प्रत्येक वस्तू त्या खुर्चीतून आलेली आहे. ताई पुढं एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायला लागल्या, पण स्वतःच्या हातानं प्रोग्राम म्हणून त्यांनी पुन्हा केला नाही. आमचं जाणं-येणं आहे. दिवाळीला फराळ, माझ्या मुलांना त्यांच्याकडून पुस्तकं. माझ्या थोरलीचं गणित त्यांनीच पक्कं केलं. माणसाला एका जन्मात इतकं मिळावं आणि सगळं एकाच माणसाकडून मिळावं, असं किती जणांचं होतं? माझं झालंय. मी रोज आभार मानते, मनापासून मानते. कुणाला वाटेल हे ढोंग आहे. ढोंग असतं तर मला इतकं जड गेलं नसतं.

एवढ्या हुशार बाईला कळलं नसेल का? हा प्रश्न मी वर्षानुवर्षं घोळवला. कळलं असेल, त्यांनी मनातल्या मनात माफ केलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालत आले होते. ती समजूत फार उबदार होती.

गेल्या फेब्रुवारीत ताईंनी मला पॉलिटेक्निकमध्ये पाहुणी म्हणून बोलावलं. त्यांचं नोकरीचं शेवटचं वर्ष. सभागृह मुलामुलींनी भरलेलं, पुढच्या रांगेत मी. ताई बोलायला उठल्या, आणि त्यांनी रेणुकानगरची गोष्ट सांगितली. नाव न लपवता, स्वतःला न वाचवता. म्हणाल्या, माझ्या एका चौकोनामुळं एका वस्तीचं पाणी गेलं, हे मी दरवर्षी माझ्या मुलांना सांगते. एका मुलीनं उठून विचारलं, ‘‘पण मॅडम, चूक सापडली, दुरुस्तही झाली. मग तुम्ही काम का सोडलं?’’

ताईंनी चष्मा काढून दोरीवर सोडला. मग म्हणाल्या, ‘‘चुकलेलं का चुकलं ते मला कळलं, बाळा. पण मधले काही दिवस ती मोटर नीट चालत होती. ती चालायला नको होती. माझ्या चित्राप्रमाणं ते शक्यच नव्हतं. ते का चाललं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. अजूनही कधी कधी कागद घेऊन बसते. आपण केलेली वस्तू कशी चालते हे जिला कळत नाही, तिनं दुसऱ्याच्या पाण्याला हात लावू नये. म्हणून सोडलं.’’

म्हणजे त्यांना कळलं नव्हतं. कधीच कळलं नव्हतं. मी त्यांची नोकरी घेतली, असं इतकी वर्षं मला वाटत होतं. मी त्यांचा स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास घेतला होता.

आणि ताई माझ्याकडं वळल्या. तेच हसू. ‘‘ही सुरेखा. तेव्हा हीच गेली होती तिथं. अख्खा उन्हाळा माझ्या सोबत उभी राहिली. काय गं, वायरच होती ना?’’

माइक माझ्या हातात दिला. सगळी मुलं माझ्याकडं बघायला लागली. आता काय जाणार होतं माझं? नोकरी? ती कुणी काढून घेतली नसती. झापतील? त्या वयात, त्या सभागृहात ताई मला झापणार नव्हत्या. फार तर खाली बसल्या असत्या. आणि त्यांचं ते जुनं कोडं सुटलं असतं. आपण बरोबर होतो, आपलं डोकं शाबूत होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं असतं. एवढंच सांगायचं होतं मला.

‘‘हो, ताई,’’ मी माइकमध्ये म्हणाले, ‘‘वायरच होती.’’

मुलांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी मला शाल पांघरली, नारळ दिला. मी वाकून त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘‘सुखी राहा.’’

मी सुखी आहे.